फणसावरची हरकत

आबाजींचे पुत्र विष्णुपंत, विष्णुपंतांचे भास्करराव आणि भास्कररावांची कन्या कमलिनीआक्का. या घराण्यात परवानगी देण्याची रीत होती. मागण्याची वेळ आक्कांवरच आली, आणि तीही स्वतःच्या अंगणातला फणस तोडण्यासाठी. गुडघ्यांनी जिन्याशी अबोला धरला होता, खाली निजायची खोली बांधायची होती आणि फणस नेमका मध्ये उभा होता.

हरकती मागवणारी नगरपालिकेची नोटीस बुंध्यावर लागली, तेव्हा आक्का गरजल्या, "माझ्या झाडावर हरकत घ्यायची कोणाची छाती आहे, बघतेच!"

नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले, त्या दिवशी ती छाती कुंपणापलीकडून आली. शेजारचे चौगुले.

"साहेब, माझी हरकत आहे."

"चौगुले! झाड माझं, जमीन माझी!"

"आक्का, झाड लावणाऱ्याचं नसतं, सावलीत बसणाऱ्याचं असतं."

आक्का चपापल्या. वाक्य त्यांचेच होते. मागे चौगुल्यांना आपल्या अंगणातले जांभूळ तोडून दुकानाचा गाळा काढायचा होता, तेव्हा त्याच्या बुंध्याला पाठ लावून, याच साहेबांपुढे त्यांनी ते सुनावले होते. चौगुल्यांचा अर्ज नामंजूर झाला. तेव्हापासून त्या जांभळाच्या सावलीत रोज दुपारी खुर्ची टाकून आक्का हक्काने डुलक्या काढत.

"आजी, काय लिहू?" साहेबांनी विचारले.

"हरकत मान्य, असं लिहा. ती मूळची माझीच आहे. खोली आखूड बांधू. मीही आता आखूडच झाले आहे."

उसने दिलेले वाक्य, एकही शब्द न बुडता, परत आले होते.