हुशार पंप

महापालिकेच्या तरणतलावावर लेडीज बॅचला आलेल्या कुमुदिनीताई पहिल्याच पायरीवर शेवाळावरून घसरता घसरता वाचल्या. पाणी हिरवंगार, वर कुणाचं तरी मळकं बँडेज तरंगत होतं.

"शी! पंप बंद आहे का हो?"

"बंद नाही, हुशार आहे. कधी चालायचं ते स्वतःच ठरवतो," लाइफगार्ड तांडेल म्हणाला. "माणसं उतरली तरच पाणी गाळतो. साहेबांनी त्याला वीज वाचवायला सांगितलंय ना!"

"आणि या घाणीत उतरणार कोण, तुमचे साहेब?"

"पाणी घाण राहिलं की कुणीच उतरत नाही, हेच ओळखून बसलाय तो. बचतीचं पहिलं बक्षीस मिळालं त्याला."

 तरी ताई हट्टानं नाक दाबून गळ्यापर्यंत उतरल्या. पंप घरघरला आणि त्यानं तळाचा सगळा काळा गाळ त्यांच्या तोंडावर उसळवला.

पाणी साफ करण्यापेक्षा बाई हाकलणं त्याला स्वस्त पडत होतं.