घासणारा पाय

चालीवरून माणूस ओळखणारं यंत्र त्याने स्वतः घडवलं होतं. यंत्र कसलं, लेकरूच त्याचं. प्रयोगशाळेच्या दारातल्या पट्टीवर पाऊल पडलं की आपल्या माणसाला हिरवा दिवा, परक्याला लाल. त्याचा डावा पाय लहानपणापासून घासायचा, म्हणून यंत्राला पहिली चाल शिकवली ती त्याचीच.

त्या सकाळी मात्र दिवा लाल लागला.

"दादा, चपला बदलल्यात की काय?" आत बसलेली सहकारी हसली.

चपला काढून तो अनवाणी चालला. पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेला त्याच्या ध्यानात आलं, की आज पाय घासतच नाहीये. घरून निघताना बायको त्याच्या पायांकडे बघतच राहिली होती.

"थांबा, नोंद बघते." ती पडद्याकडे वळली आणि तिचं हसू मावळलं. "दादा आठलाच आत आलेत म्हणे. माझ्याही आधी."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. एक पाऊल, मग घासणारा पाय. एक पाऊल, मग घासणारा पाय. दाराच्या दिशेने.

त्याच्या डोक्यात काही शिरेना. त्याने तिच्याकडे पाहिलं. चार वर्षं त्याला दादा म्हणणारी ती उठून मागे सरकली होती.

"आपण कोण?" तिने विचारलं.