ज्याचा संबंध असेल त्याने

"ज्यांचा या विषयाशी संबंध असेल, त्यांनी बाहेर जावं," असं ग्रामसेवक आल्हाद म्हणाला आणि पंचायतीच्या खोलीतले सातही मेंबर उठून उभे राहिले.

पुष्पाबाई दाराशी बसली होती. तिला वाटलं, चहा आला असेल.

विषय तिचाच होता. तिच्या चुलत दिरानं, कडूबानं, गल्लीतच गोठ्याची भिंत घातली होती. उरलेल्या बोळातून माणूस अंग चोरून जातो, बाज कशी जाणार? आणि काल तिचा नवरा उत्तमराव न्हाणीत पडला अन् त्याचा खुबा मोडला. खामगावच्या दवाखान्यात न्यायला जीप सकाळपासून सडकेवर उभी. बाज भिंतीवरून उचलून द्या म्हणून तिनं घरोघर विनवलं, तर सगळ्यांचं एकच: "मामला पंचायतीत हाये, आता मंधात कोन पडन?" म्हणून ती इथं आली होती. भिंत पाडायचा ठराव झाला की नवरा बाहेर निघेल, एवढी साधी गोष्ट.

"अहो, बसा, बसा!" आल्हाद गडबडला. तो नांदुऱ्याचा, गावात नवाच होता. "संबंध म्हणजे, ज्याची भिंत आहे तो!"

"तेच तं!" म्हणत मेंबर कडूबा टोपी सारखी करून बाहेर पडला. त्याच्यामागं सरपंच अश्विनी निघाली.

"मॅडम, तुम्ही कुठं?"

"मामाजी हायेत ते माये," अश्विनीनं पदर पुढं ओढला. "सुनेनं सासऱ्यावर हात उचलाव का?"

"मारायला नाही हो, मत द्यायला!"

"एकच झालं ना, साहेब."

मग गोविंदा उठला. हा पुष्पाबाईचा सख्खा भाचा. तिनं त्याचा हात धरला. "तू तं माया हायेस ना रे?"

"म्हनूनच जातो, आत्या. उद्या लोक म्हंतीन, आत्यासाठी मत देल्लं."

बाकीच्यांत कोणी कडूबाचा साडू, कोणी उत्तमरावाचा व्याही. गाव ते केवढं! दगड भिरकावला तरी सोयऱ्यालाच लागायचा. आपलेच दात अन् आपलेच ओठ. बघता बघता खोली रिकामी झाली.

"आता काय झालं, साहेब?" पुष्पाबाईनं विचारलं.

"कोरम नाही. सभा तहकूब."

"म्हंजे भिंत रायली का पडली?"

"ते... ठरलंच नाही."

"तुमचा तं कोनी सोयरा नाही ना इथं? मंग तुम्हीच सांगून टाका."

"मला मत नसतं, काकू."

मत होतं त्यांना नातं आडवं आलं, अन् ज्याला नातं नाही त्याला मतच नाही. मग विचारावं तरी कोणाला, बाप्पा? पुष्पाबाईला काही उमजेना. रडूही येईना, नुसता संताप आला.

ती बाहेर आली. लिंबाखाली सातही जण चहा पीत बसलेले. कडूबानं तर अगदी जिवाभावानं विचारलं, "वयनी, भाऊची तब्येत कशी हाये वं?"

मग मात्र तिचा तोल गेला.

"अंदर मेंबर व्हते तं तुमचा संबंध निंगाला. आता भायेर कोन हायेत तुम्ही? सोयरेच ना? मंग उठा, बाज उचला त्याहिची!"

पहिला कप कडूबानंच खाली ठेवला.

थोड्या वेळानं सातही जणांनी बाज डोक्याइतकी उंच उचलून भिंतीवरून पलीकडे काढली. अश्विनीनं पदर खोचून पायथा धरला होता. कडूबा स्वतः आपल्याच भिंतीवर चढून, उशाकडची बाजू धरून ओरडत होता, "जपून बे, गोविंदा! भाऊले हिसका बसन!" वरच्या चार विटा काढाव्यात असं कोणाच्याच मनात आलं नाही. ठराव नव्हता ना.

हिसका बसलाच. उत्तमरावानं डोळे उघडले. बाजेच्या चारी बाजूंनी व्याही, साडू, भाचा, सून, आणि उशाशी कडूबा. तो पार भेदरला. त्यानं पुष्पाबाईचा हात घट्ट धरला.

"अवं, हे सारेच्या सारे आले... मी मेलो का काय?"

"नाही हो," पुष्पाबाई म्हणाली. "मिटिंग व्हती."