आत आहे

"आत आहे," मामा म्हणाले आणि साखळी सोडून त्यांनी आतली खोली आणि आवार यांच्या मधला दरवाजा खाली पाडला.

तेवढ्या दोन शब्दांवर ताई झाडू-बादली घेऊन काळ्या बिबट मादीच्या मोकळ्या आवारात शिरली. प्राणिसंग्रहालयाचा नियमच तसा. एकाने जनावर आतल्या खोलीत आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मगच दुसऱ्याने फाटक उघडायचं. मामांची तीस वर्षं या कामात गेलेली. त्यांच्या शब्दावर ताई डोळे मिटून विश्वास ठेवायची.

मामा मात्र गजांपाशीच घुटमळत राहिले. कोपऱ्यात काळं काहीतरी होतं. जनावर होतं, की नुसता अंधार? पिवळ्या बिबट्यांचं बरं असतं. हिच्या अंगावरही तेच ठिपके, पण काळ्यावर काळे. धडधाकट नजरेलाही उन्हाशिवाय दिसत नाहीत. आज आभाळ भरलेलं. आणि मामांची नजर तर वर्षभर धूसर होत चाललेली. हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते, साहेबांनी उद्याच घरी बसवलं असतं.

आजवर त्यांनी कानांवर निभावून नेलं. मादी आत आली की हाडं फोडायची, नाहीतर येरझाऱ्या घालायची. पण आज तिचा आठवड्याचा उपाशी दिवस. मांसच नाही, तर ती आत येईल कशाला?

मामांनी गजांवर थाप मारली. आतून हूं नाही की चूं नाही. ही जात काही सांगून-सवरून येत नाही. उंचावर दबा धरते आणि अंगावर पडेपर्यंत चाहूल लागू देत नाही. आवारातल्या झाडावर तिची बसायची फळी होती. ताई नेमकी त्याच फळीखाली वाकून पाचोळा गोळा करत होती, वर गुणगुणतही होती.

ओरडलो तर आठ महिने गेले, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

"ताई, बाहेर ये! सगळं टाक! पळू नकोस, पाठ फिरवू नकोस, तशीच मागे मागे ये!"

ताई पांढरीफटक पडली. एकेक पाऊल मागे टाकत बाहेर आली, फाटकाला कुलूप लावलं आणि धापा टाकत गजांपाशी येऊन आत वाकली. रागवावं की हसावं, तिला कळेना.

"अहो मामा, आहे की आत! कोपऱ्यात तंगड्या ताणून झोपलीये बया. मिशासुद्धा दिसतायत." तिने छातीवर हात ठेवला. "माझी परीक्षा घेत होतात होय? जीव गेला असता ना माझा!"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मामांनी ती अर्धवट हलवलीही.

ताई हसत हसत पुन्हा फाटकाकडे गेली. तिने कुलपाला किल्ली लावली.

"थांब," मामा म्हणाले. "मला ती दिसली नव्हती. कालही नव्हती दिसली."