तीन ओळींची राखण

"कर चालू," थोरले साहेब म्हणाले आणि त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

ऑफिसात नुकत्याच लागलेल्या नवीने बटण दाबलं. मशीन कोसळलं, तर उद्यापासून तिची रवानगी माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या विभागात होती. तिन्ही साहेबांनी तसं तिला वेगवेगळं बोलावून, प्रेमाने सांगितलं होतं.

थोरले, मधले आणि धाकटे हे भाऊ नव्हते. भांडत मात्र सख्ख्या भावांसारखे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तिघांनी मिळून लिहिलेला. प्रोसेसरच्या आत रजिस्टर नावाचे चिमुकले कप्पे असतात. मध्येच दुसरं काम उपटलं, की कप्प्यातलं आधीचं जपायचं आणि ते काम आटपलं की होतं तसं परत ठेवायचं. एका कप्प्यापुरतं हे काम थोरल्यांनी लिहिलेली कोडची एक ओळ करायची. थोरल्यांचा काय भरवसा, म्हणून मधल्यांनी आपली एक घातली. या दोघांचा काय भरवसा, म्हणून धाकट्यांनी तिसरी. मशीन दर खेपेला तेच तीनदा जपायचं आणि धापा टाकायचं.

साफसफाई नवीकडे आली. ऑफिसचा नियम असा, की कुठलीही ओळ काढायला तिघांपैकी दोघांची संमती पुरे. नवी एकेकाकडे गेली. "सर, बाकीच्या दोघांची ओळ काढू का?" तिघांनीही होकार दिला. वर चहा पाजला.

मशीन सुरू झालं. कोसळलं नाही. सुसाट पळालं.

"बघा! माझी एकटी पुरते," थोरले म्हणाले.

"तुमची? ती तर मीच काढायला लावली," मधले म्हणाले.

धाकटे पडद्याजवळ गेले. चष्मा पुसून पुन्हा गेले. "अहो, इथे माझीसुद्धा नाहीये!"

"प्रत्येक ओळीला दोघांची संमती होती, सर," नवी म्हणाली.

"अगं, मग तो कप्पा जपतंय कोण?"

"प्रोसेसर. हा एक कप्पा तो आपला आपण जपतो. अगदी पहिल्यापासून."

मग थोरले खाकरले. "त्याचा तरी काय भरवसा? आपली एक ओळ असलेली बरी."

मधल्यांनी मान डोलावली. धाकट्यांनीही. तिघांचं एकमत झालेलं ऑफिसने पहिल्यांदाच पाहिलं.

नवीने निमूटपणे कीबोर्ड पुढे ओढला. "घालते, सर. कोणाची घालू?"

नवी आता जुनी झाली. कोडमधली त्या ओळीची जागा अजून स्वच्छ आहे.