न दिसणारी यादी

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी थोरलीने आमच्या हॉस्पिटलचा कॉम्प्युटर नव्याने लावून दिला. मी तिथे चौकशीच्या खिडकीवर होतो. माझ्या पडद्यावर तोवर पेशंटच्या पाच याद्या दिसायच्या. त्यातली अतिदक्षता विभागाची मला उघडता येत नसे. तिच्यापुढे कुलपाचं चित्र असायचं. बाकीच्या चारांत नाव सापडलं नाही, की मी वर फोन करून विचारायचो.

थोरलीने ती पाचवी यादी माझ्या पडद्यावरून काढूनच टाकली.

“बाबा, तुम्हाला जे उघडायचंच नाही, ते दाखवायचं कशाला?”

“अगं, कुलूप दिसलं तर आत खोली आहे एवढं तरी कळतं.”

“पन्नाशीत अक्षरं गिरवलीत, आणि आता मला शिकवता होय!”

तिची आई खो खो हसली. मीही हसलो, आणि दोन महिन्यांत ती यादी विसरूनही गेलो.

मग एका दुपारी शेजारणीचा फोन आला. हिला रस्त्यात गाडीने उडवलं होतं, पण कुठल्या हॉस्पिटलात नेलं ते शेजारणीला ठाऊक नव्हतं. मी चारही याद्या बोट लावून दोनदा वाचल्या. हिचं नाव नव्हतं. तेव्हा खिडकी बंद केली आणि शहरातली बाकीची तिन्ही हॉस्पिटलं पालथी घातली.



माझी बायको त्याच दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वारली. माझ्या खिडकीच्या बरोबर वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात.