एक ओळही बदलणार नाही

"नाही म्हणजे नाही. एक ओळही बदलणार नाही!" लेखिकाबाईंनी फोन ठेवला.

प्रकाशकांची तक्रार सरळ होती. अदृश्य होऊन गुन्हेगार पकडणारी बाईंची नायिका, छाया, या दहाव्या पुस्तकात चक्क सख्ख्या भावालाच पोलिसांच्या हवाली करते. शाळकरी वाचकांना हे पचायचं नाही, पालक बोंब मारतील.

"मारू देत," बाई पुटपुटल्या. नऊ पुस्तकं त्यांनी याच एका गोष्टीवर उभी केली होती. चूक ती चूक, मग करणारा कुणी का असेना.

मुलगी समोर बसून हस्तलिखित वाचत होती. दरवेळी पहिली वाचक तीच. घरात होत्याच दोघी. एरवी ती पानागणिक शेरे मारायची, "आई, इथे फार पकवलंयस," म्हणून खिदळायची. आज नुसतीच पानं उलटत होती.

"आवडलं नाही?"

"छायाचा भाऊ पंधराच वर्षांचा आहे गं."

"म्हणून काय? गोदामाला आग लागलीच ना? आणि त्याच्यापायी बिचारा रखवालदार आत सडतोय."

"त्यानं मुद्दाम नव्हती लावली."

"मग तेच जाऊन सांगावं. तोंड लपवून का बसावं?"

मुलीनं पानाचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला. "आणि त्याची आई? ती राहील त्याच्या पाठीशी?"

"राहील की! खरं बोलणाऱ्या पोराच्या पाठीशी आई नाही तर कोण राहणार?"

मुलगी उठली. चपला घातल्या, जाता जाता आईच्या गळ्यात पडली आणि "आलेच," म्हणून बाहेर पडली. बाईंना भरून आलं. कुठेतरी आपलं लिहिणं रुजतंय म्हणायचं!

दीड तासानं बेल वाजली. दारात फौजदारबाई होत्या, शेजारी मुलगी. डोळे रडून सुजलेले, मान मात्र ताठ.

"परवा संध्याकाळी चौकात म्हाताऱ्या घड्याळवाल्याला स्कूटरनं उडवलं, कानावर आलं असेल. अजून शुद्धीवर नाहीत ते. आम्ही एका कुरिअरवाल्याला धरलंय. आज तुमची मुलगी आपणहून आली. म्हणते, आईची स्कूटर घेऊन मीच गेले होते." फौजदारबाईंचा आवाज मऊ होता. "तुम्ही एवढंच सांगा. परवा संध्याकाळी ही बाहेर गेली होती?"

परवा ती सातला घरी आली होती, पांढरीफटक. जेवली नव्हती. स्कूटरचा आरसा फुटला होता. "फाटकाला घासली," म्हणाली होती.

मुलगी आईकडे बघत होती. घाबरलेली, तरी कुठेतरी निर्धास्त.

बाईंनी तिला जवळ ओढलं, केसांवरून हात फिरवला आणि हसल्या.

"काय सांगू तुम्हाला! असली पुस्तकं वाचून वाचून डोकी फिरतात हो पोरांची. परवा ती दिवसभर घरातच होती."